‘मी म्हणतो’ : मांदिंग भाषांची न्को लिपी आणि तिची साक्षरता चळवळ

“अमक्या बोलीला लिपी नाही,” हे वाक्य आपणां शिक्षकांच्या तोंडी सहज येते. बोलणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ पुष्कळदा “ती भाषाच नव्हे” असा असतो. प्रस्तुत लेखकाची पहिली नेमणूक सातपुड्यातील एका शाळेवर झाली होती. तेथे घरी पावरी बोलणारी मुले पहिलीत येत. मुळाक्षरे पुरी झाल्यावर एका मुलाने आपल्या घरचा एक शब्द उच्चारून, तो पाटीवर कसा काढावा, असे विचारले. तो लिहावयाचा नसतो, पुस्तकात असेल तेच लिहावयाचे असते, असे उत्तर मी त्यास दिले. त्या मुलाने पुढे वर्षभर तसा प्रश्न केला नाही. हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण इतकेच की, असेच उत्तर एका संपूर्ण खंडास दिले गेले होते, आणि ते ज्याला सहन झाले नाही अशा एका मनुष्याने काय केले, ते या लेखात द्यावयाचे आहे.

पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीच्या वरच्या खोऱ्यापासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत मांदिंग नावाचा भाषासमूह पसरलेला आहे. गिनी व माली या देशांत मानिंका, मालीत बांबारा, आयव्हरी कोस्ट व बुर्किना फासो येथे ज्युला, आणि गांबिया व सेनेगल या बाजूस मांदिंका, अशी त्यांतील प्रमुख भाषांची नावे आहेत. एका टोकाच्या मनुष्यास दुसऱ्या टोकाचे बोलणे प्रथम अवघड वाटते. परंतु शेजारशेजारच्या भाषा परस्परांस बऱ्याच अंशी समजतात. तेराव्या शतकात सुंदियाता केइता याने स्थापिलेल्या माली साम्राज्याबरोबर आणि नंतर व्यापारी तांड्यांबरोबर या भाषा दूरवर गेल्या. या सर्व भाषांत ‘मी म्हणतो’ यास ‘न को’ असे म्हणतात. ‘न’ म्हणजे मी, व ‘को’ म्हणजे म्हणणे. लिपीचे ‘न्को’ हे नाव त्यावरून आले. कोणत्याही एका पोटभाषेचे नाव न घेता सर्वांना सामावून घेणारे नाव निवडण्यात तिच्या कर्त्याने मोठेच शहाणपण दाखविले आहे.

सोलोमाना कांते यांचा जन्म १९२२ मध्ये गिनीतील कांकान शहराजवळील एका खेड्यात झाला. त्यांचे वडील अमारा कांते हे कुराणशाळेचे शिक्षक होते, म्हणजे घर आपल्यासारख्याच शाळामास्तराचे होते. त्या काळी हा सर्व प्रदेश फ्रेंचांच्या ताब्यात होता. सरकारी शाळेत शिक्षण फ्रेंच भाषेत चाले आणि देशी भाषांना तेथे थारा नव्हता. कुराणशाळेत मुले अरबी अक्षरे शिकत व पाठांतर करीत. तेव्हा मूल कोणत्याही शाळेत गेले तरी अक्षरओळख परक्या भाषेतूनच होई. घरच्या भाषेत चिठ्ठी लिहावी, हिशेब मांडावा, आजीने सांगितलेले औषध टिपून ठेवावे, याची व्यवस्था यांपैकी एकाही शाळेत नव्हती. काही विद्वान मंडळी अरबी अक्षरांत देशी भाषा लिहीत असत; पण ज्यास अरबी येत नाही त्याला त्याचा उपयोग नव्हता.

वडील १९४१ मध्ये वारले. पुढे कांते व्यापारानिमित्त आयव्हरी कोस्टमध्ये गेले आणि कोला नावाच्या फळाच्या बियांचा व्यापार करू लागले. आपल्याकडे पानसुपारीस जो मान आहे तसाच मान त्या देशात कोलाच्या बीस आहे. लग्न, बारसे, पाहुण्यांचे आगतस्वागत यांपैकी काहीही तिच्यावाचून पुरे होत नाही. १९४४ मध्ये बुआके या शहरी त्यांच्या हाती एक अरबी पुस्तक पडले. लेबनॉनचे पत्रकार कामिल मुरव्वा यांनी आपल्या आफ्रिकेतील प्रवासावर ते लिहिले होते. आफ्रिकेतील लोकांच्या भाषा पाखरांच्या बोलीसारख्या असून त्यांस व्याकरण नाही व त्या लिहिता येणे शक्य नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. कांते यांच्या चरित्रात हा प्रसंग निरपवादपणे सांगितला जातो. रागाने पुस्तक भिरकावून देणारे पुष्कळ भेटले असते. कांते पाच वर्षे अभ्यासाला बसले.

त्या अभ्यासाचा क्रम शिक्षकांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. त्यांनी लगेच नवी अक्षरे काढली नाहीत. आधी हाताशी असलेली अरबी लिपी त्यांनी आपल्या भाषेस लावून पाहिली. अरबीत स्वरांच्या खुणा तीन. मानिंकात स्वर सात. ‘ए’ दोन प्रकारचे, ‘ओ’ही दोन प्रकारचे. आपल्याकडे इंग्रजी शब्दांसाठी ‘बॅट’ व ‘कॉलेज’ यांत अर्धचंद्र द्यावा लागतो, त्यावरून या अडचणीची काहीशी कल्पना येईल. शिवाय ‘ग्ब’ हा एक असा व्यंजनध्वनी त्या भाषेत आहे की, त्यात ग आणि ब एकदम उच्चारले जातात. त्यासाठी अरबीत अक्षर नाही. काही वर्षे खटपट करून त्यांनी तो मार्ग सोडला व रोमन अक्षरे घेतली. तेथे स्वरांची अडचण थोडी कमी झाली. परंतु सर्वांत मोठी अडचण तशीच राहिली. ती अडचण सुरांची.

मराठीत सुराने शब्दाचा अर्थ बदलत नाही. ‘घर’ हा शब्द चढ्या आवाजात म्हणा की उतरत्या, घर ते घरच. मांदिंग भाषांत तसे नाही. बांबारात ‘सो’ हा शब्द वरच्या सुरात म्हटला तर घर आणि खालच्या सुरात म्हटला तर घोडा. आपल्या देशात याचे जवळचे उदाहरण पंजाबीत सापडते. तेथे ‘घोडा’ या शब्दातील घ चा उच्चार क सारखा होतो, पण सूर खाली जातो, आणि त्या सुरावरूनच तो ‘कोडा’ म्हणजे चाबूक या शब्दापासून वेगळा ओळखू येतो.

पण एवढ्यावर भागत नाही. शब्दांच्या जोड्या थोड्या असत्या तर संदर्भाने निभावले असते. सूर हा त्या भाषांच्या व्याकरणातच मुरलेला आहे. ‘मुसो’ म्हणजे स्त्री. “ती स्त्री येथे नाही” आणि “येथे कोणीही स्त्री नाही” ही दोन वाक्ये बांबारात अक्षरशः त्याच शब्दांनी, त्याच क्रमाने बनतात. फरक इतकाच की, पहिल्या वाक्यात नामाच्या शेवटी सूर खाली ओढला जातो. इंग्रजीत जे काम एका स्वतंत्र शब्दाने होते, मराठीत जे आपण ‘तो, ती, ते’ लावून करतो, ते काम येथे नुसता सूर करतो. सूर न लिहिल्यास कागदावर ही दोन वाक्ये एकच होऊन बसतात. साक्षीदाराच्या जबानीत किंवा दुकानाच्या पत्रव्यवहारात यामुळे काय घोटाळा होईल हे सांगावयास नको. त्याशिवाय ऱ्हस्वदीर्घाचा भेद आहेच; ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील अंतर मुलांना शिकविताना आपला घसा सुकतो, त्यामुळे त्याचे महत्त्व वेगळे सांगत नाही.

अखेर कांते यांनी स्वतंत्र लिपी तयार केली. १४ एप्रिल १९४९ हा तिचा जन्मदिवस मानला जातो आणि न्को शिकणारे लोक तो दरवर्षी साजरा करतात. (आपल्याकडे ही तारीख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीची असल्याने ती शिक्षकांच्या सहज लक्षात राहील.) लिपी कोणत्या दिशेने लिहावी याविषयी एक कथा सांगतात. कांते यांनी अक्षरशून्य माणसांना व मुलांना बोलावून जमिनीवर रेघ ओढावयास सांगितले. बहुतेकांनी ती उजवीकडून डावीकडे ओढली. म्हणून न्को उजवीकडून डावीकडे लिहितात. ही कथा खरी की मागाहून रचलेली, या वादात शिरण्याचे कारण नाही. अरबी शिकलेल्या मनुष्याच्या हातास ती दिशा आधीच सवयीची होती, हेही विसरता कामा नये. मात्र लिपी ज्याला शिकावयाची आहे त्यालाच आधी विचारावे ही कल्पना त्या कथेत आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तक मंडळांत ती क्वचितच डोकावते.

न्को लिपीत मूळ अक्षरे २७ आहेत : सात स्वर, एकोणीस व्यंजने आणि एक स्वतंत्रपणे उच्चारला जाणारा अनुनासिक. स्वर व्यंजनापासून वेगळे, पूर्ण अक्षराच्या रूपाने लिहितात; आपल्याप्रमाणे काना, मात्रा, वेलांटी नाही. शब्दातील अक्षरे तळाशी एका रेषेने जोडली जातात. आपली शिरोरेषा डोक्यावर, त्यांची जोडरेषा पायाशी. स्वराच्या डोक्यावर देण्याच्या सात खुणा आहेत. त्यांपैकी प्रत्येक खूण सूर व ऱ्हस्वदीर्घता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगते : ऱ्हस्व आणि वरचा, ऱ्हस्व आणि खालचा, दीर्घ आणि चढता, अशा प्रकारे. नाकातून उच्चारावयाच्या स्वराखाली एक टिंब देतात. परभाषेतील ध्वनी दाखविण्यासाठी अक्षरावर टिंबे देण्याची सोय आहे. आपल्याकडे उर्दू शब्दांसाठी नुक्ता देतात तसाच हा प्रकार. लेखनात काटकसर साधणारा एक नियमही आहे. लागोपाठच्या दोन अक्षरांत स्वर व सूर तेच असतील तर पहिला स्वर लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने तो भरून घ्यावयाचा असतो.

अंकही स्वतंत्र आहेत. शून्यापासून नवापर्यंत दहा चिन्हे, आणि दशमान पद्धती आपलीच. परंतु संख्या लिहिताना सर्वांत मोठ्या स्थानाचा अंक उजवीकडे येतो आणि एकक डावीकडे. अरबी मजकूर उजवीकडून लिहिला तरी त्यातील संख्येचे एकक उजवीकडेच असते. न्कोमध्ये मजकूर आणि संख्या दोन्ही एकाच दिशेने चालतात. स्थानिक किंमत शिकविताना एकक डावीकडे ठेवून पाच-सात संख्या फळ्यावर लिहून पाहाव्यात. स्थान ही मानलेली गोष्ट आहे, निसर्गाने दिलेली नव्हे, हे चौथीच्या मुलांच्या ध्यानात चटकन येते.

लिपी तयार झाली की काम संपले, असे कांते यांनी मानले नाही. वाचावयास काही नसेल तर वाचणे टिकत नाही, हे आपल्या प्रौढ साक्षरता वर्गांचे दुखणे आहे. नुकती सही करू लागलेली माणसे दोन पावसाळ्यांत पुन्हा अंगठ्यावर आलेली आपण पाहिली आहेत. कांते यांनी स्वतःच ग्रंथ लिहावयास आरंभ केला. बालबोधिनी, व्याकरण, शब्दकोश, इतिहास, गणित, धर्म, वनस्पतींची औषधे अशा नाना विषयांवर त्यांनी लिहिले आणि कुराणाचे भाषांतर केले. त्यांच्या नावावर १८३ ग्रंथ सांगितले जातात. शास्त्रीय परिभाषेसाठी फ्रेंच किंवा अरबीकडे धाव न घेता त्यांनी आपल्याच भाषेतील धातूंपासून शब्द घडविले. व्याकरणास त्यांनी ‘कांग्बे’ म्हटले. ‘कान’ म्हणजे भाषा व ‘ग्बे’ म्हणजे शुभ्र, स्वच्छ. निरनिराळ्या मांदिंग भाषा बोलणाऱ्यांनी लिहिताना वापरावयाच्या प्रमाणभाषेसही हेच नाव मिळाले.

छापखाना नव्हता. पुस्तके हाताने लिहिली जात, हाताने नकलली जात, पुढे यंत्राने प्रती काढून बाजारात विकली जात. शाळेची इमारतही नव्हती. शिंप्याच्या दुकानात, कोलाच्या वखारीत, घराच्या अंगणात फळा टेकवून वर्ग भरत. जो शिकला त्याने दुसऱ्यास शिकवावे हा या चळवळीचा रिवाज. कोलाचे व्यापारी एका देशातून दुसऱ्या देशात जात, त्यांच्या पत्रांतून व हिशेबाच्या वह्यांतून लिपी पसरली. ज्यास पत्र आले त्यास ते वाचण्यासाठी अक्षरे शिकणे भाग पडे. अनुदान, हजेरीपट, तपासणी यांपैकी काहीही नसताना हे चालले, ही गोष्ट आम्हां सरकारी नोकरांस किंचित खजील करणारी आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या गावात न्को जाणणारा मनुष्य नव्हता तेथे वर्गही नव्हता. ज्याच्या पदरी वेळ नाही, जी स्त्री घराबाहेर पडू शकत नाही, तिच्यापर्यंत असे वर्ग पोहोचवावयाचे तर केवळ उत्साह पुरत नाही.

गिनी १९५८ मध्ये स्वतंत्र झाला आणि कांते मायदेशी परतले. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे हे स्वतः मानिंका भाषिक. तरीही राष्ट्राची लिपी म्हणून न्कोचा स्वीकार झाला नाही. गिनीत मांदिंग लोकांखेरीज फुला, सुसू आदी मोठे भाषिक समाज आहेत. एका समाजाची लिपी सर्वांवर लादल्याचा आरोप येण्याची भीती होती, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. १९६८ पासून गिनीच्या शाळांत देशी भाषांतून शिक्षण सुरू झाले, परंतु रोमन अक्षरांत. मालीनेही १९६७ मध्ये बांबारासह आपल्या भाषांसाठी रोमन अक्षरेच ठरविली. १९८४ मध्ये सेकू तुरे वारले आणि गिनीतील तो कार्यक्रम गुंडाळला गेला. शाळा पुन्हा फ्रेंचकडे वळल्या. न्कोचे वर्ग मात्र बंद पडले नाहीत, कारण ते कोणाच्या आदेशाने सुरू झाले नव्हते. कांते मधली काही वर्षे मालीत बामाको येथे राहून परत आले व १९८७ मध्ये कोनाक्री येथे निवर्तले. त्यापूर्वी एक वर्ष, १९८६ मध्ये, चळवळीची एक संस्था गिनीत स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली.

रोमन की न्को, हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि त्यात एकच बाजू बरोबर आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. रोमन पक्ष म्हणतो की, मुलास पुढे फ्रेंच शिकावयाचीच आहे, मग दोन लिप्यांचे ओझे कशाला? शिवाय सूर न लिहिताही बांबारा भाषिक वाचक संदर्भाने वाचतोच. या म्हणण्यात तथ्य आहे. आपण ‘चहा’तील च आणि ‘चाक’ातील च एकाच अक्षराने लिहितो. दोन उच्चार वेगळे आहेत याची मराठी मुलास जाणीवही नसते आणि तो अडखळतही नाही. परंतु हीच ‘चाक’ घरी पावरी बोलणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी, म्हणजे न लिहिलेली गोष्ट कोणास जड जाते ते दिसेल. न्को पक्ष म्हणतो की, जे तोंडात आहे ते सर्व कागदावर उतरले पाहिजे. त्यास उत्तर देणारे विचारतात की, प्रत्येक स्वरावर खूण देता देता नवशिक्याचा हात थकणार नाही काय? आमच्या मते याचा निकाल वर्गात मुलांना बसवूनच लागेल, तत्त्वचर्चेत लागणार नाही. दोन लिप्यांच्या ओझ्याविषयी मात्र एक सांगता येते : आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पोथी बालबोध अक्षरांत वाचली व पत्र मोडीत लिहिले, आणि त्यामुळे त्यांचे डोके फिरल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याच देशात असा प्रयत्न याहून आधी झाला आहे. ओडिशातील मयूरभंज भागात पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संताळी भाषेसाठी ओल चिकी लिपी तयार केली. संताळी भाषा प्रांताप्रांतांनुसार बंगाली, ओडिया, देवनागरी व रोमन अशा निरनिराळ्या अक्षरांत लिहिली जात होती. एकच भाषा बोलणाऱ्या दोन गावांस परस्परांचे पत्र वाचता येत नसे. २००३ च्या घटनादुरुस्तीने संताळीस आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले.

न्कोस असे सरकारी स्थान लाभले नाही. मालीच्या २०२३ च्या राज्यघटनेने फ्रेंचचे अधिकृत भाषेचे पद काढून ते देशी भाषांस दिले, ही त्या प्रदेशातील मोठी घटना होय. पण लिपीचा प्रश्न त्याने सुटला असे नव्हे. दुसरीकडे, संगणकाने जे केले ते सरकारांनी केले नव्हते. जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांस क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत २००६ मध्ये न्कोचा समावेश झाला. तेव्हापासून हाताने नकललेली लिपी मोबाईलवर लिहिता येऊ लागली, आणि पूर्वी तांड्याबरोबर महिनाभराने जाणारे पत्र क्षणात जाऊ लागले.

शिक्षकांस हा विषय वर्गात घ्यावयाचा झाल्यास नकाशावर नायजर नदी व कांकान, बामाको, बुआके ही ठिकाणे दाखवावीत. नंतर ‘सो’ हा शब्द एकदा वरच्या व एकदा खालच्या सुरात म्हणून दाखवावा, आणि त्या दोन उच्चारांसाठी मुलांनी स्वतः दोन खुणा शोधाव्यात. मग घरी मराठीहून वेगळी भाषा बोलणारी मुले वर्गात असतील तर त्यांनी त्या भाषेतील, देवनागरीत नीट बसत नाही असा एखादा शब्द सांगावा व तो सर्वांनी मिळून लिहून पाहावा. शिक्षकांस तो बहुधा येत नसेल. त्या तासाला उच्चार बरोबर की चूक हे त्या मुलांनाच विचारावे लागेल.